अर्धी पोळी

“पण बुवा, तेव्हा जमलं ते आता का जमत नाही?”

दिगंबर आठल्ये मठाच्या ओसरीवर मांडी घालायला धडपडत होता. पोट मध्ये येत होतं.

निरंजनबुवा केळीचं पान पुसत होते. जेवून मग बोलू म्हणाले, आणि पान त्याच्याच पुढ्यात मांडलं.

दिगंबरला कुठला धीर! त्याने सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी गुडघ्यांची भीती घातली तेव्हा त्याने वजन उतरवायचं मनावर घेतलं होतं. भात सोडला, गोड सोडलं, दोन पोळ्यांवर आला. सदरे ढगळ झाले. गावात कौतुक झालं, आणि वजन उतरलं तशी मान ताठ झाली.

घरात तो आणि आई, दोघंच. वाढताना ती रोज विचारायची, अर्धी घेतोस? हा वर न बघता ताटावर हात आडवा धरायचा. वाढदिवसाला तिने हौसेने पुरणपोळ्या केल्या, तर हा भरल्या ताटावरून उठला. त्यानंतर तिने विचारणंच सोडलं.

आषाढात ती वारली.

“आता आग्रह करणारं कोणी नाही, बुवा. ओट्याशी उभा राहून डब्यातूनच खातो. थांबताच येत नाही.”

बुवा पोळी घेऊन वाकले.

“अर्धी घेतोस?”

दिगंबरचा हात सवयीने आडवा झाला… पानावर अजून काहीच वाढलेलं नव्हतं.

बुवा तसेच वाकून उभे राहिले.

“आई काय जेवायची रे?”

“ती माझ्यानंतर बसायची.”

“ते नाही विचारलं. तिच्या ताटात काय असायचं?”

आपण काय काय सोडलं ते दिगंबरला तोंडपाठ होतं. आईचं ताट मात्र काही केल्या डोळ्यांपुढे येईना. आठवल्या त्या सकाळी. चुलीपाशी पाट घेऊन, कालची पोळी चहात बुडवून खाणारी आई. त्या पुरणपोळ्या तर तिला किती दिवस पुरल्या होत्या.

“मी नको म्हटलेलं,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी… शिळं.”

मग त्याला रडू आवरेना. एकदा तरी तिच्याशेजारी बसायला हवं होतं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बुवांनी त्याला रडू दिलं. नंतर अर्धी पोळी वाढली, वाटीभर आमटी वाढली आणि समोर बसून राहिले.

तो सावकाश जेवला. बुवांनी पुन्हा विचारलं तेव्हा हात मांडीवरच राहिला. त्याने वर बघितलं आणि पुरे म्हणाला.

निघताना तो पायरीवर घुटमळला.

“उद्यापासून काय करू, बुवा?”

“दोन पानं मांड. आधी तिचं वाढ… आणि विचार, अर्धी घेतेस?”