राउटरचा झगा

माणसांची पाठ वळली की वस्तू आपसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट.

कुमुदकाकूंच्या घरी इंटरनेटचा नवा राउटर आला. टीव्ही, मिक्सर, सगळ्यांना कपडे शिवणाऱ्या काकूंनी त्यालाही लोकरीचा, मणी लावलेला झगा विणला. राउटरची छाती फुगली. पण दुपार झाली की आत त्याच्या जिवाची काहिली व्हायची, आणि परगावच्या लेकीचा चेहरा काकूंच्या फोनवर अर्ध्या वाक्यात थिजायचा.

काकू मदतकेंद्राला फोन लावत. तिथली मुलगी विचारी, "काकू, राउटर कशाने झाकला नाही ना?"

"छे गं! काहीसुद्धा ठेवलेलं नाही," असं म्हणताना काकूंचा हात झगाच सारखा करत असे.

"मग बंद करून चालू करा."

त्यासाठी झगा निघे, राउटर जरा निवे, चालू होई, आणि झगा परत अंगावर येई.

"एवढ्या मायेने घातलाय, नको कसं म्हणू?" राउटर कण्हला.

गॅसवरचा कुकर म्हणाला, "झाकण मलाही आहे बाबा. पण सोसवेना झालं की मी घर डोक्यावर घेतो. मुकाट बसलो असतो, तर केव्हाच फुटलो असतो."

पुढच्या वेळी काकूंनी झगा घालताच राउटरने सगळे दिवे विझवले. काढताच लावले. पुन्हा घातला, पुन्हा विझवले.

"अगं बाई, उकडतंय वाटतं ह्याला!" काकू म्हणाल्या.

त्या दिवशी लेक पोटभर बोलली. मग काकू रिकामा झगा हातात घेऊन घरभर पाहू लागल्या. त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली मात्र, कुकरने कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारली.