हैबतीची पिकअप आणि तुळशीदासाचं लग्न

बोरखिंड नावाच्या गावात एक भोळा पिकअपवाला राहत होता. त्याचं नाव हैबती. माणूस म्हणून हैबतीत खोट नव्हती. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाशी भांडण नाही. एवढंच, की सांगितलेलं तो ऐकायचा. जसं सांगितलं तसंच्या तसं करायचा.

पिकअप नवी होती. स्टिअरिंगपुढच्या काचेत बारीक बारीक चित्रं लागायची. हैबतीला ती फार आवडायची. एखादं लाल चित्र लुकलुकायला लागलं, की तो बायकोला हाक मारून दाखवायचा.

बायकोचं नाव इंदू. ती एकदा म्हणाली, "अहो, जरा काही झालं की गाडी शोरूमला नेता. दिवस जातो. बारीकसारीक कामं घरच्या घरी करायला शिका की. अडलं तर इस्माईल मिस्त्रीला विचारा."

"बरं," हैबती म्हणाला. आणि शिकायला लागला.

इस्माईल मिस्त्रीचं गॅरेज फाट्यावर होतं. मिस्त्री हुशार होता, पण कायम कुठल्यातरी गाडीखाली आडवा पडलेला असायचा. त्यामुळे फोनवर थोडक्यात सांगायचा. तिथंच सगळा घोळ व्हायचा.

एक दिवस बाजारातून येता येता बॉनेटमधून वाफ निघाली. हैबतीनं घरापुढं गाडी लावली आणि फोन केला.

"मिस्त्री, गाडी तापलीय."

"तापणारच. थंड होऊ दे. मग पाणी पाज तिला."

हैबतीनं गाडी थंड होऊ दिली. मग घंगाळ भरून आणलं आणि बंपरपुढं ठेवलं. गाडी पाणी प्यायली नाही. त्यानं बॉनेटवरून हात फिरवला. तरी नाही. बैलानं पाणी प्यावं म्हणून घालतात तशी शीळ घातली. संध्याकाळी मिस्त्री त्या रस्त्यानं चालला होता, तेव्हा हैबती उकिडवा बसून शीळच घालत होता. ओठ सुकले होते.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, झाकण उघडायचं आणि आत ओतायचं!"

"आधी सांगायचं की. आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात हॉर्नचा आवाज घोगरा यायला लागला. घसा बसल्यासारखा. या खेपेला हैबतीनं कुणालाच विचारलं नाही. शिकलेलं होतं ना. त्यानं हॉर्नचं झाकण उघडलं. इंदूकडून कोमट पाणी करून घेतलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि आत ओतलं. मग बटण दाबलं. हॉर्ननं गुळणी केल्यासारखा आवाज केला आणि कायमचा गप्प बसला.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, वायर ढिली झाली असेल! गाडीत जे ढिलं असेल ते आवळायचं!"

"आधी सांगायचं की. आता ध्यानात ठेवतो."

घरी येऊन हैबतीनं पाना घेतला, बाइंडिंगची तार घेतली आणि गाडीला एक फेरी मारली. काय काय ढिलं आहे ते बघितलं. आरसा हलत होता, तो आवळला. दारं उघडझाप करत होती. तो आत बसला आणि दोन्ही दारं आतून तारेनं आवळली. शेवटी त्यानं स्टिअरिंग हलवून बघितलं. ते तर सगळ्यात जास्त हलत होतं. इकडंही जायचं, तिकडंही जायचं. हैबतीला वाईट वाटलं. इतके दिवस आपण अशी गाडी चालवत होतो! त्यानं स्टिअरिंगला चांगले वेढे दिले, तार सीटच्या पायाला बांधली आणि काम कसं झालंय बघायला गाडी चालू केली.

गाडी सरळ निघाली. अगदी सरळ. रस्ता मारुतीच्या देवळाशी वळला. गाडी वळली नाही. ती सरपंचांच्या कडब्याच्या गंजीत शिरली आणि थांबली. सरपंच धावत आले, तर गंजीच्या आतून आवाज आला, "काही काळजी करू नका. काहीही ढिलं झालेलं नाही."

दारं उघडेनात. हैबतीला काचेतून ओढून काढावं लागलं.

मिस्त्रीनं दोन्ही हात कपाळाला लावले. "अरे बाबा, जे हलायला पाहिजे ते कशाला आवळलंस? जिथं हलतं तिथं ग्रीस लावायचं!"

"आधी सांगायचं की. आता ध्यानात ठेवतो."

त्यानं तारा सोडल्या आणि ग्रीसचा डबा आणला. स्टिअरिंग हलतं, त्याला ग्रीस लावलं. गिअरचा दांडा हलतो, त्याला लावलं. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर पायाखाली हलतात, त्यांना जरा जास्तच लावलं. बसल्यावर आपणही हलतो, म्हणून सीटला लावलं. दुसऱ्या दिवशी बाजाराला शेळ्या न्यायच्या होत्या. शेळ्या तर फारच हलतात. म्हणून मागच्या हौद्यात हातानं सारवल्यासारखं ग्रीस सारवलं.

सकाळी गाडी निघाली. डावं वळण आलं की सगळ्या शेळ्या उजवीकडं जायच्या. उजवं आलं की डावीकडं. सुरुवातीला ओरडत होत्या, नंतर त्यांनी नशिबावर सोडलं. हैबती सीटवरून घसरून खाली गेला होता. त्याला रस्ता दिसत नव्हता, नुसतं आभाळ दिसत होतं. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला, पाय सटकून ॲक्सिलरेटरवर गेला, आणि गाडी उसात गेली. शेळ्यांचा त्या दिवशीचा बाजार चुकला. त्यांची मात्र तक्रार नव्हती. त्या ऊस खात होत्या.

आता इंदूला फक्त रडू यायचं राहिलं होतं. कारण चार दिवसांवर तिच्या भावाचं लग्न होतं.

भावाचं नाव तुळशीदास. राहायला त्याच गावात, वरच्या आळीला. मुलगा सालस, पण कुठं जमत नव्हतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे आणि कळवतो म्हणून जायचे. अखेर घाटापलीकडच्या पळसोंडीची शेवंता त्याला हो म्हणाली होती. शेवंताचे वडील नारबा एसटीत कंट्रोलर होते, आता निवृत्त. वेळेचे असे पक्के, की मुहूर्त टळला तर मी मांडव सोडीन, असं त्यांनी सुपारी फोडतानाच सांगून टाकलं होतं. आणि नवरदेवाला न्यायचं होतं हैबतीच्या पिकअपमधून. इंदूनंच हट्ट धरला होता. दाजींची गाडी असताना भाड्याची कशाला?

"हे बघा," इंदू म्हणाली, "माझा भाऊ पहिल्यांदाच कुणाला पसंत पडलाय. आता काही आवळू नका, काही ओतू नका. ग्रीस पुसून काढा. गाडी नुसती उजळून निघाली पाहिजे. गावानं बघत राहिलं पाहिजे."

"बरं," हैबती म्हणाला.

त्यानं खरोखरच सगळं ग्रीस पुसलं. गाडी धुतली. मग लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती उजळायला घेतली. पुढचे दिवे लावले, मागचे लावले, आतला लावला. बाजारातून रंगीत दिव्यांची माळ आणून टपाला गुंडाळली आणि तिची वायर बॅटरीला जोडली. गाव बघत राहिलं. हैबती समाधानानं जेवला आणि झोपला. गाडी सकाळपर्यंत उजळत राहिली. मग हळूहळू विझली.

सकाळी तुळशीदास फेटा बांधून, मुंडावळ्या लावून पुढं बसला. इंदू, मामा, मावशी आणि भावकी मागं बसली. हैबतीनं चावी फिरवली. गाडी बोलेना.

त्यानं फोन लावला. "मिस्त्री, गाडी चालू होत नाही."

"बॅटरी उतरली असेल."

हैबतीनं वाकून बघितलं. "नाही उतरली. जागेवर बसलीय."

"बसलीच ना? मग तेच म्हणतोय मी!"

"तुम्ही उतरली म्हणत होता."

मिस्त्रीनं फोनवरच कपाळाला हात लावल्याचं ऐकू आलं. "हैबती, नीट ऐक. सगळ्यांना खाली उतरव. धक्का मारायला लाव. आणि एकदा का गाडी चालू झाली, की थांबायचं नाही. कुणी काही म्हणू दे. मुक्कामी पोचेपर्यंत थांबायचं नाही. कळलं?"

"कळलं. ध्यानात ठेवतो."

सगळे उतरले. नवरदेवही उतरला. सगळ्यांनी धक्का मारला. मावशीनंही हात लावला. गाडीनं दोन आचके दिले, धूर सोडला आणि चालू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि हैबती निघून गेला.

"दाजी!" तुळशीदास धोतर सावरत मागं धावला. "दाजी, थांबा!"

"थांबायचं नाही!" हैबती खिडकीतून म्हणाला. "मिस्त्रींनी सांगितलंय!"

"अहो, आम्ही राहिलो!" इंदू ओरडली.

"राहा! सावकाश या!"

घाटात गाडी पिसासारखी पळाली. इतकी हलकी ती कधीच पळाली नव्हती. धक्क्याचा गुण, हैबतीच्या मनात आलं.

पळसोंडीला मांडवापुढं त्यानं गाडी थांबवली. नारबांनी घड्याळ बघितलं. मुहूर्ताला अजून वेळ होता. त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू आलं. बायका ओवाळायला तबक घेऊन पुढं झाल्या.

"नवरदेव कुठायत?" नारबांनी विचारलं.

"मागं आहेत."

बायका तबक घेऊन गाडीच्या मागं गेल्या आणि तशाच परत आल्या.

"मागं कुठं?"

"बोरखिंडीत."

वाजंत्रीवाल्यानं सनई तोंडातून काढली. नारबांचा आवाज चढला. "नवरी इथं, नवरदेव तिथं! लग्न काय घाटावर लावू? ते काही नाही! त्या दोघांना एका जागी आणा! आत्ताच्या आत्ता!" एवढं बोलून ते भटजींना पुढचा मुहूर्त विचारायला आत गेले.

आत्ताच्या आत्ता म्हटल्यावर हैबतीनं वेळ घालवला नाही. नवरी तर समोरच होती.

"चला वहिनी," तो म्हणाला. "वडिलांनी सांगितलंय."

शेवंतानं वडिलांचा शब्द कधी मोडला नव्हता. ती गाडीत बसली.

इकडं तुळशीदासानं हातापाया पडून दुधाचा टेम्पो मिळवला होता. मामा आणि भावकी कॅनांवर बसून त्याच्याबरोबर निघाली होती. घाटाच्या मधोमध दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या.

"दाजी!" टेम्पोतून हाक आली. फेटा दिसला, मुंडावळ्या दिसल्या, आणि टेम्पो गेला.

"अहो दाजी, नवरदेव गेले ना ते!" शेवंता म्हणाली.

"हो, तेच."

"मग थांबा की!"

"मुक्कामी पोचेपर्यंत थांबायचं नाही."

बोरखिंडीत इंदू मावशीजवळ ओट्यावर डोळे पुसत बसली होती. पिकअपमधून नवरी उतरताना बघून ती उभीच राहिली.

"अहो, तुळशीदास तिकडं गेलाय! वाटेत दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की. मी हात केला."

इंदू खाली बसली. मग उठून तिनं पळसोंडीला फोन केला. नारबा काय बोलले ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पण भटजींना दुपारचा मुहूर्त सापडला होता, आणि शेवंतानं फोन हातात घेऊन सांगितलं, "बाबा, मला हाच मुलगा पसंत आहे. तुम्हीच इकडं या. दाजींना मात्र परत कुठं पाठवू नका."

सगळी पळसोंडी तुळशीदासाला घेऊन मिळेल त्या गाडीनं बोरखिंडीला आली. हैबतीच्या अंगणात लग्न लागलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. तुळशीदास इतका हसत होता, की त्याच्याकडं बघून नारबाही निवळले.

पाठवणीची वेळ झाली. वरची आळी चार पावलांवर, पण नवरी चालत कशी पाठवायची? म्हणून पिकअपला फुलं लावली. शेवंता पुढं बसली. मेव्हण्यांनी तुळशीदासाच्या वहाणा लपवल्या होत्या, तो त्या शोधत होता. नारबा पुढं झाले. त्यांनी हैबतीचे दोन्ही हात धरले.

"झालं गेलं मी विसरलो, पाव्हणं," ते म्हणाले. "एवढीच विनंती आहे. माझ्या लेकीला नीट घरी पोचवा."

हैबतीचे डोळे भरून आले. "काळजी करू नका," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

तुळशीदास वहाणा घालून बाहेर आला, तेव्हा अंगणात गाडी नव्हती. गेली असेल पुढं, असं म्हणून तो वरच्या आळीला चालत गेला.

नारबा आणि मंडळी परत निघाली. सगळा घाट नारबा उपरण्यानं डोळे पुसत होते. आता घर सुनं होणार. दारात रांगोळी काढायला कुणी नाही, संध्याकाळी चहा विचारायला कुणी नाही. पळसोंडी आली, तसा त्यांना हुंदका आवरेना.

दारात फुलं लावलेली पिकअप उभी होती. ओट्यावर शेवंता शालू नेसून, कपाळाला हात लावून बसली होती. शेजारी हैबती बशीतून चहा पीत होता.

"बाबा, मी परोपरीनं सांगितलं," शेवंता म्हणाली. "पण हे थांबेचनात."

हैबतीनं बशी खाली ठेवली आणि अदबीनं उठून उभा राहिला.

"पोचवली," तो म्हणाला. "अगदी नीट. बघून घ्या."