वाघदऱ्याचं वाचन

खुर्च्या मांडलेल्या दिसतायत, पण एवढ्यात बसू नका. आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळात वर्षाचं पहिलं वाचन असतं तेव्हा वाचणारा बसतो आणि ऐकणारे सगळे उभे राहतात. मी इथल्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली, एकदाही यात बदल झाला नाही.

गोष्ट धरणाचं काम चालू होतं तेव्हाची सांगतात. मंडळाची चिटणीस होती इंदुमती खरमाटे, धरणात बुडणाऱ्या वाघदरा गावची. त्या वर्षी उद्घाटनाला धरणाचे मोठे साहेब यायचे होते, आणि तिचे वडील त्याच साहेबांच्या कचेरीत पहारेकरी. तिनं गावावर लेख लिहिला होता. मंडळाचे प्रमुख रेगडे सर सकाळपासून म्हणे तिच्या मागं लागले होते, आज दुसरं काही वाच, वडिलांची नोकरी जाईल. ती नुसती नकारार्थी मान हलवायची. सरांना तास घेववेना. तीनदा वर्ग सोडून त्यांनी तिला गाठलं. शेवटी विचारलं, वडिलांना हे ठाऊक आहे का?

"सगळ्या घरांची नावं त्यांनीच सांगितलीत, सर," ती म्हणाली.

उद्घाटनाला तिनं तोच लेख उभ्यानं वाचायला घेतला. लेख म्हणजे वाघदऱ्यातली घरंच होती, वरच्या आळीपासून एकेक. कुणाच्या दारात कुठलं झाड, कुणाकडे कोण अंथरुणाला खिळलेलं. चौथ्या घरापाशी ती अडखळली, एका हातानं टेबलाचा आधार घेऊन वाचू लागली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मागं चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात रेगडे सर उठले. सगळ्यांना वाटलं, आता थांबवतात. सरांनी आपली खुर्ची उचलून तिच्यामागं ठेवली.

"बस. सावकाश वाच. एकही घर गाळू नकोस."

सर उभे, म्हणून मुलं उभी राहिली, मग प्राध्यापक. शेवटी साहेबही उठले. मान द्यायला उठले असं काही जण सांगतात, निघून जायला असं काही जण.

वडिलांची नोकरी महिन्याच्या आत गेली. सरांकडून मंडळ काढून घेतलं. गाव बुडायचं ते बुडालंच. इंदुमतीबाई पुढं नव्या वसाहतीच्या शाळेत शिकवायच्या.

आजही पहिलं वाचन उभ्यानंच ऐकतात. पाय अवघडतात, दर वर्षी कुणीतरी हळूच विचारतं, अजून किती वेळ? तो लेख मंडळाच्या दप्तरात आहे. मला वाघदरा पाहिल्याचं आठवत नाही, पण त्यातलं एकोणिसावं घर आमचं. दारात फणस, आत पाळण्यात मूल, अजून नाव ठेवलेलं नाही.