पाटावरची राखण

नदीकाठच्या एका गावात सुभानजी पाटलाचा मोठा मान होता. माणूस दिलदार, पण राग नाकाच्या शेंड्यावर! गावात वरची आळी हिंदूंची, खालची मुसलमान बागवानांची. बंधारा दोघांचा एकच, पाणी पाळीपाळीनं. रीत मात्र न्यारी. वरच्या आळीची पाळी असली की पाटावर राखणीला बागवान बसे, आणि बागवानांची असली की वरच्या आळीचा माणूस. त्यामुळे कुणाला चोरून पाणी ओढता येत नसे.

एका वर्षी देवीची पालखी ऐन नमाजाच्या वेळी मशिदीपुढून वाजतगाजत निघाली. शब्दानं शब्द वाढला, दगड उडाले आणि पाटलाच्या लेकाचं डोकं फुटलं. पोर थोडक्यात वाचलं. मग काय विचारता! बागवानांचा पाट कायमचा बुजवा, केळी वाळल्या की येतील शरण, असं जो तो म्हणू लागला. पाटील फावडं घेऊन तावातावानं निघाला आणि आळी त्याच्या मागे.

त्या दिवशी पाळी वरच्या आळीची होती. वाटेत वरच्या आळीच्या पाटावर पाहतो तर नूरमहंमद बागवान गुडघाभर चिखलात उभा! पाट फुटला होता आणि तो एकटाच भगदाड बुजवत होता. पाणी चाललं होतं पाटलाच्याच उसाला.

"आज कशाला आलास रे?" पाटलानं विचारलं.

"राखण माझी आहे, पाटील. भांडण गावात झालं, पाटावर नाही."

पाटील मनातून ओशाळला. फावडं घेऊन तोही चिखलात उतरला. मागची मंडळी चवताळली, पाटील फितला म्हणाली. पण तो बधला नाही.

"पाण्याला पाळी आहे, म्हणून पाण्यावरून आजवर डोकं फुटलं नाही," तो म्हणाला. "आता रस्त्यालाही पाळी लावू. राखण अशीच, एकमेकांची."

कुरकुरत का होईना, दोन्ही आळ्या एकत्र बसल्या आणि तसं ठरलं. पुढच्या पालखीला नमाज होईपर्यंत ढोल गप्प राहिले. मग बागवानांनीच हाताला हात धरून पालखीभोवती कडं केलं. उरुसात वरची आळी राखणीला उभी राहिली. एक दगड उडाला नाही! पंचक्रोशीतली गावं ही रीत शिकायला येऊ लागली. आणि पालखीपुढे ढोल बडवणाऱ्या पाटलाच्या लेकाला गर्दीतून वाट करून देत होता नूरमहंमद. ते पाहून सुभानजीचं काळीज सुपाएवढं झालं.

तात्पर्य: शेजाऱ्याला उपाशी मारून शांतता मिळत नाही, दोघांनी मिळून केलेला नियम आणि एकमेकांची राखण, यांतूनच सलोखा टिकतो.