नाकावरचा रुमाल

“आई, ताईच्या अंगाला हा कसला वास येतोय गं?”

हे उमाने ऐकावं म्हणून कुणी बोललं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला ती माहेरी आली होती. धाकट्या बहिणीला कडकडून भेटून पाय धुवायला मोरीत गेली, आणि भिंतीपलीकडे बहिणीने हळूच आईला विचारलं.

आईने तिला दटावलं. पण वास येत नाही, असं काही आई म्हणाली नाही.

उमाने पदर नाकाशी नेला. धुण्याच्या साबणाचा वास. बाकी काही नाही.

बार्शीला परतताना एसटीत तिने पुन्हा दोनदा पदर हुंगून पाहिला. शेजारच्या बाईने खिडकी उघडली.

तिचं सासर हिंगमिऱ्यांचं. चार पिढ्या या घराच्या मागच्या खोलीत कातड्याच्या पिशव्यांतून कच्चा हिंग यायचा. तो भिजवायचा, पीठ-डिंक घालून मळायचा, वाळवायचा. सासऱ्यांनी, मल्लूअण्णांनी, तीन वर्षांपूर्वी धंदा बंद केला आणि आता घर विकायला काढलं होतं. नवरा प्रशांत चाकणला नोकरीला, दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा. घर विकलं की तिकडे फ्लॅट घेऊन सगळ्यांनी एकत्र राहायचं, हे लग्नाच्या बोलणीतच ठरलेलं. तोवर उमा बार्शीत आणि नवरा शनिवारी रात्री येणाऱ्या गाडीत.

लग्नाला तीन महिने होत आले होते.

घर बघायला सातजण येऊन गेले. पहिल्या सहाजणांनी सागवानी तुळया वाखाणल्या, विहिरीत डोकावून पाहिलं, चहा अर्धा ठेवला आणि ‘कळवतो’ म्हणाले. एकानेही कळवलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हाच उमाला कारण ठाऊक होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. पण आठ दिवसांच्या सुनेने सासऱ्यांना काय सांगायचं? तेही अशा सासऱ्यांना, जे डबा उघडायच्या आत हिंगात पीठ किती ते सांगत. मग अण्णांनी घराला रंग दिला आणि काही दिवसांनी उमाला तो वास येईनासा झाला. रंगाने काम केलं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. बोलावं लागलं नाही, याचं बरंही वाटलं.

गिऱ्हाइकं मात्र रंगानंतरही तशीच जात राहिली. अण्णांनी दुसऱ्यांदा रंग दिला. वास्तूवाल्याच्या सांगण्यावरून मोरी हलवली. सासूबाई गिऱ्हाईक यायच्या आधी धूप जाळत, गुलाबपाणी शिंपडत. सातवं गिऱ्हाईक तर जिन्यावरूनच परत फिरलं.

तेव्हा अण्णा म्हणाले, अक्कांकडे जाऊ.

नीलाक्का गावाबाहेर जुन्या महादेवाच्या देवळात राहत. वय ऐंशीच्या पुढचं. लोक त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जात, आणि बहुतेक वेळा प्रश्न घेऊनच परत येत. तरी जात.

दुपार कलली होती. देवळाच्या दारात पाऊल टाकताच वटवाघळांचा उग्र, खारट दर्प अंगावर आला. अण्णांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. सासूबाईंनी पदर लावला, उमानेही. आत अंधार. अंधारात एक बारकी म्हातारी भिंतीला टेकून वाती वळत बसली होती.

“बस, मल्लू.”

तिघं बसली. सासूबाईंनी नव्या सुनेला पुढे करून नमस्कार करायला लावला. फार मायाळू पोर आहे, म्हणाल्या. माप ओलांडताना उंबऱ्यातच डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, इतका माहेरचा जीव. ही गोष्ट त्या सगळ्या गावाला सांगत.

अक्कांचे हात थांबले. त्यांनी उमाकडे पाहिलं.

“उंबऱ्यातच?”

उमाने मान खाली घातली.

अण्णांनी मग सगळं सांगितलं, तुळयांपासून मोरीपर्यंत. रुमालातून बोलत होते, म्हणून आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. घरावर कुणाची नजर आहे का, की जागेतच काही दोष आहे, एवढं अक्कांनी सांगावं.

“घराला वास येतो का, मल्लू?”

अण्णा हसलेच. उभ्या बाजारात माझ्या नाकाचा शब्द चालायचा, म्हणाले. माझ्या घराला वास येत असता तर मला नसता आला?

“बरं,” अक्का म्हणाल्या. “बस मग.”

आणि त्या वाती वळू लागल्या.

अण्णा आधी दाराकडे बघत होते, मग पिंडीकडे, मग कशाकडेच नाही. एकदा त्यांनी गुडघा चोळला. सासूबाईंनी पदराने वारा घेतला. उमाने अक्कांच्या पुढ्यातल्या वाती मोजायला घेतल्या आणि साठाच्या पुढे सोडून दिल्या. दारातलं ऊन पिवळं झालं, तांबूस झालं, उंबऱ्यावरून उतरलं...

मग छत हललं.

आधी एक काळी चिंधी सुटल्यासारखी झाली. मग दहा. मग मोजदाद उरली नाही. गाभाऱ्यातून, खांबांमागून, डोक्यावरच्या काळोखातून शेकडो वटवाघळं निघाली आणि त्या तिघांच्या केसांना वारा लावत, पण एकालाही न शिवता, दारातून आभाळात जाऊ लागली. पंखांचा आवाज पिठाच्या चाळणीसारखा, अखंड. उमाच्या अंगावर काटा आला. घाबरून नव्हे. एवढा जीव इतका वेळ डोक्यावर लटकत होता आणि आपण खाली निवांत बसलो होतो...

शेवटचं गेलं. देऊळ रिकामं झालं.

“अबब,” अण्णा पुटपुटले. “एवढी होती?”

“तू आलास तेव्हाही एवढीच होती,” अक्का म्हणाल्या. “मल्लू, तुझा रुमाल कुठाय?”

अण्णांचा हात नाकाकडे गेला. तिथे काही नव्हतं. रुमाल मांडीवर होता. चौघडी केलेला.

“कधी काढलास?”

अण्णा रुमालाकडे पाहत राहिले. त्यांनी सावकाश श्वास ओढला. ओढताना डोळे मिटले, बाजारात मिटत तसे. पुन्हा ओढला.

“...येत नाही,” ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. “अक्का, मला काहीच येत नाही.”



उमाने खाली पाहिलं. तिचा स्वतःचा पदर खांद्यावर नीट बसलेला होता. तो नाकावरून कधी उतरला, हे तिलाही आठवेना. तिला एसटीतली ती खिडकी आठवली. घरातला वास रंगाने गेला नव्हता. तो कुठेच गेला नव्हता. तीच त्यात राहायला गेली होती.

“मग मी कुणाला विचारू?” अण्णा म्हणाले. आल्यापासूनचा तो पहिला खरा प्रश्न होता.

अक्कांनी वळलेली वात बाजूला ठेवली.

“घरात सगळ्यांत नवं कोण आहे?”

अण्णांनी मान वळवली. सासूबाईंनीही. तीन महिन्यांत त्या दोघांनी उमाला पुष्कळ काही सांगितलं होतं. विचारायची वेळ आज आली होती.

“सूनबाई...” अण्णा म्हणाले. “आपल्या घराला वास येतो?”

उमाने सासूबाईंकडे पाहिलं. आता बोललं तर त्यांच्या लाडक्या गोष्टीचं काय होणार, हे तिला दिसत होतं. मग तिने अक्कांकडे पाहिलं. अक्कांना ते आधीच कळलं होतं.

“हिंगाचा, अण्णा,” ती म्हणाली. “माप ओलांडताना डोळ्यांत पाणी आलं होतं ना माझ्या... ते माहेरासाठी नव्हतं.”