धरतरीचा मालक

मोहपाड्याच्या वेशीला, तारेच्या कुंपणापलीकडे, पुरुषभर उंचीचं एक वारूळ आहे. त्याला मुकी आय म्हणतात. पाड्यावर येणारी नवरी आधी तिथं थांबते. कुणीतरी विचारतं, "तुझा मालक कोण गो?" नवरीनं गप्प राहायचं. बाहेरची एखादी लाजत नवऱ्याचं नाव घेते. मग धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, तिला बाजूला बसवून ही गोष्ट सांगते.

फार मागं, असं सांगतात, या उतारावर वारली नागली पिकवत होते. तेव्हा पाड्याची धवलेरी होती जिवली. धरतरी कशी घडली, पहिलं बी कुणी टाकलं, सगळं तिच्या गाण्यात होतं. मेलेल्यांची नावंही ती गाण्यात घ्यायची. त्यांची माती झाली, त्या मातीची नागली झाली, ती आपण खाल्ली, असा तिचा साधा हिशेब.

एकदा राजाचा कारभारी घोड्यावरून आला. प्रत्येक जमिनीला मालक पाहिजे, असा हुकूम निघाला होता म्हणे. बोलण्यात हार जाणारी नव्हे म्हणून पाड्यानं जिवलीला पुढं केलं. कारभाऱ्यानं तिच्या डोईवर मातीचं ढेकूळ ठेवायला लावलं. डोईवर माती घेऊन बोललेला शब्द फिरत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक.

"बोल, हिचा मालक कोण?"

आता, पाड्यावरच्या बायका मालक म्हणत ते नवऱ्याला. दुसरा मालक त्यांनी पाहिलाच नव्हता. जिवलीला असं हसू फुटलं की ढेकूळ पडता पडता राहिलं.

"खुळा का रे तू? धरतरी आय हाय. लेकरू आयचा मालक होतंय का?"

पाडा खदखदून हसला. कारभारीही हसला. "म्हणजे मालक नाही," तो म्हणाला आणि त्यानं तिथंच खैराचा खुंट ठोकवला. बिनमालकाची जमीन राजाची.

कापायला आलेली नागली शिपायांनी नेली. जिवलीचा लेक लखमा तिच्यापुढं बसला. "आये, एक शब्द बोल. पोरं काय खातील?"

"तो शब्द बोलून मेलेल्यांत कुठल्या तोंडानं जाऊ?"

"नको बोलू. मग आम्हीच जातो तुझ्याआधी."

जिवली उठली. आपल्या हातानं डोईवर माती घेतली, कारभाऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आम्हीच मालक."

कारभारी घोड्यावरून उतरलाही नाही. "माती घेऊन बोललेला शब्द फिरत नाही, म्हातारे. रिवाज तुमचाच ना?"

ती खुंटाशी येऊन बसली. गाण्यासाठी तोंड उघडलं, शब्द आला नाही. पाडा मजुरीला पांगला, ती हलली नाही. वाळवीनं आधी पाय धरले, मग पदर. कुणी म्हणतात, धरतरीनं लेकीला पोटात घेतलं. कुणी म्हणतात, रागानं तिचं तोंड बुजवलं. धवलेरी दोन्ही सांगते. खरं कुठलं म्हणून विचारलं, की तिला नेमकं पान लावायचं असतं.

आजही नवरी वेशीला थांबते. कुंपणाच्या आत आता कुणाचा तरी बंगला आहे. राखणदार ओरडतो, "ए, हात कशाला घालता? मालकांना विचारलंत का?"

नवरी तारेतून हात घालते, वारुळाची चिमूटभर माती कपाळाला लावते, आणि उत्तर देत नाही. राखणदाराला वाटतं, नवी आहे, लाजते.