साचेवालीचा अंगठा

फार फार पूर्वी, नद्यांवर अजून पूल नव्हते त्या काळी, एका रुंद नदीच्या काठी ओताऱ्यांचं गाव होतं. ओतारी म्हणजे धातू वितळवून त्याच्या वस्तू ओतणारे लोक. त्यांच्या हातच्या घंटा लांबलांबच्या देवळांत वाजत.

गावच्या घाटावरही एक देऊळ होतं आणि त्यात एक जुनी मोठी घंटा होती. थंडीत नदीवर धुकं उतरलं की हातभर पुढचं दिसत नसे. नदीच्या मधोमध तर काळे खडक. अशा वेळी गुरव घंटा वाजवत राही आणि त्या आवाजाच्या रोखानं नावाडी नाव घाटाला आणी. घंटेच्या काठाजवळ पेराएवढा एक उंचवटा होता. लोक त्याला देवाची खूण म्हणत. गुरव रोज सकाळी त्या खुणेला कुंकू लावी आणि मगच टोल देई.

त्या गावात एक साचेवाली होती. घंटा ओतायच्या आधी तिचा मातीचा साचा करावा लागतो, ते काम तिचं. माती तीनदा चाळायची, तिच्यात शेण आणि भाताचा कोंडा घालून तीन दिवस मळायची. मग आतला गाभा आणि वरचा टोप असे दोन भाग घडवायचे. मधल्या पोकळीत ओतारी वितळलेल्या धातूचा रस ओते. रस निवला की हातोडीनं साचा फोडला जाई आणि आतून घंटा निघे. लोक घंटेला हार घालत, ओताऱ्याच्या हातात नारळ ठेवत. साच्याचे तुकडे पाटीत भरून नदीकाठी टाकून यायला साचेवालीच जाई.

हातोडी पडताना ती दुसरीकडे बघे. देवळातही ती आत जात नसे, पायरीपाशी चपलांजवळ उभी राही. तिला कुणी अडवलं नव्हतं. तिचं तिलाच वाटे, आपल्या हातांना मातीचा वास येतो, आपण कशाला पुढं जायचं?

एका वर्षी थंडीच्या तोंडावर जुन्या घंटेला तडा गेला. धुकं पडायला महिनाभर होता, तेवढ्यात नवी घंटा हवी होती. साचेवाली माती मळायला बसली. देवळाकडे निघालेली शेजारीण अंगणाशी थांबली.

"काय गं, सदा चिखलातच का?"

"घंटेचा साचा आहे, वहिनी."

"म्हणजे पुन्हा फोडायलाच की. जन्मभर फोडायचंच करत बसलीस. घटकाभर देवाचं नाव घेतलं असतंस तर गाठीला पुण्य तरी राहिलं असतं."

शेजारीण सहज बोलली आणि निघून गेली. साचेवालीच्या मनातून मात्र ते बोल जाईनात. खरंच, आपल्या मागं काय उरणार? पाटीभर खापऱ्या. तिनं ठरवलं, हे काम एकदाचं उरकू आणि मग देवाचं करू.

त्या वेळी तिनं माती एकदाच चाळली, एकच दिवस मळली. माती तयार झाली का हे बघायला टोपाच्या आतल्या बाजूला डावा अंगठा दाबून पाहायचा असतो. ठसा न चिरता उमटला आणि अंगठ्याला माती चिकटली नाही, की माती झाली. मग तो ठसा पुसून जागा गुळगुळीत करायची. हे तिला सासूनं शिकवलं होतं. या वेळी तिनं अंगठा लावलाच नाही. रस ओतला जात होता तेव्हा ती देवळाच्या पायरीवर माळ ओढत होती.

साचा फोडला. आत घंटा कसली, खडबडीत अर्धं भांडं होतं. साच्याला भेग पडून निम्मा रस भट्टीजवळच्या राखेत जिरला होता. टोल देऊन पाहिला, तर फुटक्या घागरीसारखा आवाज.

ओतारी म्हातारा होता. तो रागावला नाही. त्यानं साच्याचा तुकडा उचलून वासावरून ओळखलं.

"आक्का, मातीला अंगठा लावला होतास का?"

साचेवालीनं मान खाली घातली. "नाही, दादा. देवळात जायची घाई होती."

"आता धातू पुरायचा नाही. जुनी घंटाच उतरवून वितळवावी लागेल."

चार माणसांनी जुनी घंटा उतरवून ओसरीवर ठेवली. गुरवाचे डोळे भरून आले. "चार पिढ्या कुंकू लावलं," तो म्हणाला. "आता देवाची खूणही जाणार."

घंटा भट्टीकडे न्यायला हातभार लावायला साचेवालीही आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती घंटा तिनं जवळून पाहिली. खुणेवरचं कुंकू तिनं पदरानं हलकेच पुसलं आणि तिथं बघतच राहिली. उंचवट्याचा मधला भाग झिजून गेला होता, पण कडेला बारीक रेषा होत्या, भोवऱ्यासारख्या वळत गेलेल्या. तिनं आपला डावा अंगठा शेजारी धरला.

"गुरवकाका," ती हळूच म्हणाली, "हा अंगठा आहे."

"कुणाचा?"

"माती मळणारीचा. तिनं माती तपासली आणि ठसा पुसायला विसरली. किंवा मुद्दाम ठेवला असेल."

गुरवानं वाकून कितीतरी वेळ त्या रेषा न्याहाळल्या. मग त्यानं करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि पुन्हा तिथंच लावलं.

"मग इतकी वर्षं मी चुकलो नाही," तो म्हणाला.

साचेवालीच्या मनात आलं, त्या बाईचा साचा केव्हाच फुटला होता, खापऱ्या नदीत विरघळल्या होत्या. पण तिनं मन लावून दाबलेल्या अंगठ्यानं चार पिढ्या नावा किनाऱ्याला आणल्या होत्या.

ती घरी आली. हात धुतले, आणि देवापुढं बसावं तशी मातीपुढं बसली. तीनदा चाळली, तीन दिवस मळली. टोपाच्या आत अंगठा दाबला. ठसा लख्ख उमटला. पुसायला तिनं बोट उचललं, आणि खाली घेतलं.

साचा सावलीत सुकला, रस ओतला गेला. हातोडी पडली तेव्हा तिनं नजर वळवली नाही. साचा फुटला आणि आतून तांबूस, तुकतुकीत घंटा निघाली. काठाजवळ पेराएवढी खूण होती.

घंटा टांगली त्याच्या दुसऱ्याच सकाळी धुकं उतरलं. पैलतीरावरून बाजाराची नाव निघाली होती. नावेत सतरा माणसं होती, त्यात माहेराहून परतणारी ती शेजारीणही होती. गुरवानं खुणेला कुंकू लावलं आणि टोल दिला. आवाज धुक्यातून सरळ पाण्यावर गेला. बऱ्याच वेळानं वल्ह्यांची चुबकचुबक ऐकू आली, आणि नाव घाटाला लागली.

नावाडी वर येऊन धापा टाकत म्हणाला, "आज वल्हं मी मारलंच नाही म्हणा. कुणीतरी हाताला धरून आणल्यासारखं वाटलं."

"धरूनच आणलं," गुरव म्हणाला आणि त्यानं साचेवालीकडे पाहिलं. ती पायरीपाशी नव्हती, आत घंटेखाली उभी होती. शेजारणीनं आपल्या ओटीतली फुलं तिच्या मातीच्या हातांवर ठेवली.

साचेवालीनं ती देवाला वाहिली, आणि पायरीपाशी ठेवलेली खापऱ्यांची पाटी उचलून ताठ मानेनं नदीकडे गेली.

आपल्या हातच्या कामाला हलकं मानू नये. जीव ओतून केलं, तर तेच काम पूजा होतं.